मौनसभेत प्रताप

प्रताप बूट न काढता आत आला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. जानेवारीतला शनिवार होता. इथे मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला, या दिवसांत बुटांना बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ चिकटलेलं असतं. कुणाकडेही गेलं की दारातल्या चटईवर बूट काढायचे, हे इथे जन्मलेली मुलंसुद्धा पाळतात. प्रताप चटई ओलांडून सरळ सोफ्यापर्यंत गेला आणि गालिच्यावर त्याच्यामागे खारट पाण्याचे डाग उमटत गेले. माझी सून आश्लेषा त्या डागांकडे बघत राहिली, पण काही बोलली नाही. माझ्या मुलाला, यतीनला, जवळच्या नोव्हाय गावातली नोकरी प्रतापच्या शब्दावर लागली होती आणि यतीन त्याच्याच टीममध्ये आहे.

"चहा ठेवू?" आश्लेषाने विचारलं.

"चहा नको. काकांशी बोलायचंय." तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही माझ्या बायकोला बाटवताय का?"

मी हातातलं पुस्तक मिटलं आणि मांडीखाली सरकवलं. असं करायला नको होतं. त्याने ते पाहिलं.

"लपवताय कशाला? तेच ना ते? त्या ओट्सच्या डब्यावरच्या टोपीवाल्यांचं?"

"त्यांचा ओट्सशी काही संबंध नाही," मी म्हणालो. मोक्याच्या वेळी मला असलीच माहिती सुचते.

"म्हणजे संबंध नाही हे तुम्हाला माहीत आहे. बरंच वाचलंय तुम्ही."

वाचलं होतं हे खरं. बायको गेल्यावर मी नागपूर सोडून मुलाकडे आलो. कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इथे आल्यावर ग्रंथालय शोधणं एवढंच मला जमलं. तिथे एका कपाटात सतराव्या शतकातल्या पहिल्या क्वेकर लोकांची, म्हणजे इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती पंथाची, लिखाणं सापडली. विणकर, चांभार, मोलकरणी, तुरुंगात गेलेले शेतकरी. बहुतेकांनी आपापल्या पापांविषयी लिहिलं होतं. मला 'पाप' हा शब्दच आवडत नाही, म्हणून मी जरा कुरकुरतच वाचायला लागलो. पण या लोकांची पापं वेगळी होती. चोरी-व्यभिचाराबद्दल ते फारसं लिहीत नाहीत. प्रार्थनेत ओठ हलत होते आणि मन दुसरीकडे होतं, लोक मला सज्जन म्हणत होते आणि मी ते चालवून घेतलं, असल्या गोष्टी ते पानंच्या पानं सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या आत एक उजेड असतो, आणि तो उजेड आधी तुमचं काय काय खोटं आहे ते दाखवतो. ते सहन केलं तरच पुढे सुटका. नदीत बुडी मारून किंवा दानधर्म करून ती होत नाही.

मला ते नीट समजलं असेल असा माझा दावा नाही. प्रतापच्या बायकोला, शैलाला, मात्र ते पटकन समजलं. ती मला बुधवारी ग्रंथालयात सोडायची आणि परत आणायची. एकदा गाडीत तिने विचारलं, "काका, एवढं काय वाचता?" मी मराठीत सांगत गेलो. घर आलं तरी ती इंजिन चालू ठेवून ऐकत बसली. नंतर एका रविवारी ती माझ्याबरोबर त्यांच्या सभेला आली. मग दर रविवारी यायला लागली.

"तिथे बाप्तिस्मा नसतो, प्रतापराव," मी म्हणालो. "पाद्री नाही, क्रॉस नाही. तासभर गप्प बसायचं, एवढंच."

"गप्प बसायला माझं घर काय वाईट आहे?"

स्वयंपाकघरात आश्लेषाला हसू आलं असावं, कारण तिने एकदम नळ सोडला.

"हसू नकोस, आश्लेषा. मागच्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता, तू होतीस ना? तूच सांग काकांना. बावीस माणसं घरात. गुरुजी तयार. आणि ही म्हणते, मी पूजेला बसणार नाही, ते खोटं बसणं होईल. खोटं! मग गुरुजी म्हणाले, पत्नी नसेल तर शेजारी सुपारी ठेवतात. काका, माझी बायको दहा फुटांवर प्रसादाचा शिरा ढवळत उभी, आणि माझ्या शेजारी पाटावर सुपारी! लोक मोबाइलवर फोटो काढत होते यार."

त्याचा आवाज तिथे जरा फाटला. मला त्याच्याविषयी वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर सुपारीचं ऐकून मला आतून बरं वाटलं. मला तो माणूस कधीच आवडला नव्हता. शैलाला कुणी काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. "शैला, तुला थंडी वाजतेय का?" "नाही, तिला सवय आहे."

"तिला मी सांगितलंय, आता तुम्हालाही सांगतो," तो उठत म्हणाला. "उद्या ती तिथे गेली, तर तिथून पुढे कुठे जायचं ते तिचं तिने बघावं. मी कुलूप बदलणार आहे. आणि उद्या मीही येणार. त्या गप्प बसणाऱ्यांना तोंडावर विचारणार, तुम्ही आमच्या घरात कशाला शिरलात."

तो गेल्यावर आश्लेषा ओलं फडकं घेऊन गालिच्यावर बसली. मीठ वेळीच पुसलं नाही तर पांढरा डाग राहतो.

"बाबा, मला त्या लोकांचं काही नाही," ती खाली बघत म्हणाली. "पण सोमवारी यतीनला प्रतापरावांसमोर मीटिंगला बसायचंय. उद्या तुम्ही घरी राहाल?"

"बरं," मी म्हणालो.

मग खोलीत जाऊन शैलाला फोन केला. "उद्या तू येऊ नकोस. ते येणार आहेत. कुलूप बदलण्याचं बोलत होते."

"माहीत आहे. कुलूप ऑर्डरसुद्धा केलंय, दाखवलं मला." मग म्हणाली, "काका, तुम्ही घाबरलात?"

"हो."

"मग तुम्ही नका येऊ. मी जाणार."

"पण शैला, राहायचं कुठे? केयाकडे जाशील?" केया त्यांची मुलगी. सिॲटलला असते, आणि तिचं बोलणं आईशी इंग्रजीत, वडिलांशी अजिबात नाही, असं चालतं.

"ते नंतर बघू. त्या लोकांनी कुठे आधी बघितलं होतं?"

ती पुस्तकातल्या लोकांविषयी बोलत होती. मला त्यांची एकदम भीती वाटली. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं कपाटात बरी असतात. मी त्यांना बाहेर काढून एका बाईच्या गाडीत बसवलं होतं, आणि आता ती बाई घर गमावायला निघाली होती.

रविवारी आश्लेषा उठायच्या आत मी कोट चढवून बस पकडली. यात धैर्य नव्हतं. घरी बसून काय काय झालं असेल याच्या कल्पना करत राहणं मला जास्त अवघड वाटलं.

क्वेकर लोकांची सभागृहं अगदी साधी असतात. भिंतीवर काही नाही, वेदी नाही. मधे रिकामी जागा ठेवून चारही बाजूंनी बाकं. लोक येतात आणि बसतात. कुणी सुरुवात करत नाही. तासभर शांतता. त्यात कुणाला अगदी आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उभं राहून सांगायचं आणि बसायचं. त्याला उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. जे बोललं गेलं ते तसंच शांततेत राहू द्यायचं. शेवटी एकजण शेजाऱ्याशी हात मिळवतो, मग सगळेच मिळवतात, आणि सभा संपते.

शैला खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. मी तिच्यापासून जरा दूर, दाराजवळ बसलो. ते घाबरून लांब बसल्यासारखं दिसेल हे बसल्यावर लक्षात आलं, पण उठून जागा बदलण्याचं धाडस झालं नाही. सभा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात दार उघडलं. प्रतापने आल्या आल्या सगळ्यांवरून नजर फिरवली, शैलावर थांबवली, आणि समोरच्या बाकावर बसला. त्याच्या शेजारी रूथ होती. रूथ ऐंशीच्या पुढची. सभेची कामं तीच बघते. तिने त्याला जागा करून दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

तो काही मिनिटंच बसू शकला. मग उभा राहिला. इंग्रजीत बोलला, मोठ्यांदा, ऑफिसात प्रेझेंटेशन देतात तसा.

"मी या बाईंचा नवरा. तुम्हाला वाटत असेल तुम्ही फार शांत, फार चांगली माणसं आहात. गप्प बसणं सोपं असतं. माझ्या घरी देवघर आहे. माझ्या आईने दिलेले देव आहेत. रविवारी तिथे दिवा लागत नाही, कारण माझी बायको इथे बसलेली असते. मी तुमच्या देशात पंचवीस वर्षं काम केलं. तुम्ही आज इथे ज्या गाड्यांतून आलात, त्यातल्या कितीतरींचे ब्रेक माझ्या टीमने केलेत. बर्फावर तुम्ही जिवंत पोचलात ते कुणामुळे याचा कधी विचार केलात? आणि त्याच्या बदल्यात तुम्ही माझ्या घरात शिरता? तिला सांगता की तिचा धर्म खोटा? आणि हे म्हातारे गृहस्थ," त्याने माझ्याकडे बोट केलं, "हे तुमचे एजंट. भित्रे आहेत. मला तोंडावर एक वाक्य बोलू शकले नाहीत."

कुणीच काही बोललं नाही.

"मी तुम्हाला विचारतोय!"

एका म्हाताऱ्याने डोळे मिटूनच मान किंचित खाली केली, चांगलं काही ऐकल्यावर करतात तशी. प्रताप वाट बघत उभा राहिला. त्याला वाटलं होतं कुणी ओरडेल, दंडाला धरून बाहेर काढेल, पोलिसांना बोलावेल. त्याची तयारी त्या सगळ्याची होती. ते पहिले क्वेकर नेमकं हेच करायचे. दुसऱ्यांच्या चर्चमध्ये जायचे, भर प्रार्थनेत उभं राहून पाद्र्याला खोटारडा म्हणायचे, आणि मग लोक त्यांना बडवून रस्त्यावर टाकायचे. ते मला त्या क्षणी आठवलं आणि प्रताप त्या बाकांवरच्या कुणापेक्षाही त्यांच्यासारखा दिसला. पण त्याला बडवायला इथे कुणी नव्हतं. त्याचं बोलणं इतरांच्या बोलण्यासारखंच घेतलं गेलं होतं. अखेर तो खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

शांतता पुन्हा जमायला वेळ लागला. हीटरचा आवाज येत होता. आणि मग शैला उठली.

तिने मराठीत बोलायला सुरुवात केली. त्या खोलीत ते कळणारे मी आणि प्रताप, दोघंच होतो.

"ह्या लोकांनी मला काही सांगितलेलं नाही. ह्यांना माझं नावसुद्धा नीट म्हणता येत नाही. मी पूजेला बसले नाही, कारण पूजेला बसताना मन स्वच्छ लागतं, आणि माझं नाही. माझ्या मनात ह्या माणसाबद्दल द्वेष आहे. राग नाही. राग येतो-जातो. द्वेष. मी वटसावित्रीला सात जन्म मागितले आणि मनात म्हटलं, हा जन्म कधी संपतो. बँकेत, दवाखान्यात, पार्टीत, कुणी मला काही विचारलं की उत्तर हे देतात. केयाच्या वेळी कळा किती वेळाने येतात हे नर्सने मला विचारलं, तेही ह्यांनी सांगितलं. मी त्यावर हसले. सगळ्यांना वाटलं, काय छान जोडपं."

प्रताप उठायला लागला. रूथने त्याच्या बाहीवर नुसता हात ठेवला. अडवला असं म्हणता येणार नाही. पण तो अर्धवट उठलेला पुन्हा टेकला. बहुधा त्याला इथला नियम तोवर समजला होता. त्यानेच तो आत्ता वापरला होता.

"डॉक्टरांनी ह्यांचं तूप बंद केलंय," शैला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हे मागतात, आणि मी वाढते. जास्तच वाढते. पाहुणे म्हणतात, किती प्रेमाने वाढतेस. ते प्रेम नाही. मी मनात म्हणते, खा. हे माझं पाप. इथे बसून बसून मला हे दिसलं, आणि दिसल्यावर मला रात्री तुपाचं भांडं हातात घेववेना. मी क्षमा मागत नाहीये. क्षमा मागितली की हे म्हणतील, बरं, केली, आणि पुन्हा माझ्या वतीने बोलायला लागतील. मला फक्त खोटं वाढणं बंद करायचंय."

ती बसली. प्रतापकडे बघायची माझी हिंमत नव्हती, तरी बघितलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. उत्तर जुळवत असावा. पण ते देण्याची सोय त्या खोलीत नव्हती. उरलेला वेळ त्याला ते तोंडातच धरून बसावं लागलं. इतका वेळ तो गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि बहुधा शैलानेही नाही.

अखेर रूथने त्याच्याकडे हात पुढे केला. सभा संपली होती. प्रतापने हात मिळवला, सवयीने, घट्ट, कंपनीत मिळवतात तसा.

नंतर सूचना वगैरे झाल्यावर रूथ शैलाकडे वळली आणि हळूच म्हणाली, "तू जे बोललीस ते आमच्यातल्या कुणाला समजलं नाही. तुला सांगावंसं वाटत असेल तर आम्हाला ऐकायला आवडेल. नसेल तर तेही ठीक."

शैला इंग्रजी शब्द जुळवू लागली. आणि मी, ज्याने सगळा दिवस भिंतीला टेकून काढला असता, उठलो. का उठलो कोण जाणे. वाटलं, आता तरी उपयोगी पडावं.

"ती म्हणाली," मी इंग्रजीत म्हणालो, "की लग्नात बऱ्याच वर्षांचा काही राग साचला होता. गैरसमज. आणि तिला आता जास्त प्रामाणिकपणे..."

"नो," प्रताप म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"असं म्हणाली नाही ती." तो उभा राहिला होता, पण आवाज मघाचा नव्हता. प्रत्येक शब्द वेगळा काढत तो बोलला. "ती म्हणाली ती माझा द्वेष करते. राग नाही. तिने दोन्हींतला फरक सांगितला. काका, नीट सांगा नाहीतर सांगू नका. ती म्हणाली, डॉक्टर नको म्हणतात ते तूप ती मला मुद्दाम जास्त वाढते. आणि ती म्हणाली की ती क्षमा मागत नाहीये." तो थांबला. "काही राहिलं का?"

हे त्याने शैलाला विचारलं होतं.

"नर्सचं राहिलं," शैला म्हणाली.

"ते नाही सांगणार मी."

"नका सांगू."

रूथ म्हणाली, "थँक यू, फ्रेंड." त्यांच्यात एकमेकांना असंच म्हणतात. प्रतापने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला शिवी दिली होती.

मी खाली बसलो होतो. मला माझी लाज वाटत होती आणि त्याचा रागही येत होता, कारण तो बरोबर होता. त्या पुस्तकांच्या कपाटापाशी मी कित्येक महिने काढले आणि पहिल्याच संधीला एका बाईचं खरं बोलणं धुऊन, इस्त्री करून लोकांपुढे ठेवायला निघालो. तिच्या नवऱ्याने ते तसं ठेवू दिलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये वारा सुटला होता. मी बसथांब्याकडे निघालो होतो, पण ती दोघं वाटेतच गाडीपाशी उभी होती आणि त्यांना ओलांडून जाणं मला जमेना. प्रताप खिशात हात घालून उभा. किल्ली काढत नव्हता.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"पहिली दोन सोडून."

"पहिली दोन का सोडलीस?"

"तेव्हा तुम्ही विचारायचात."

"काय विचारायचो?"

"काहीही. भाजी कुठली करू, असलंच. पण विचारायचात."

त्याने बुटाने बर्फ बाजूला सारला. मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही काय ऐकत उभे आहात? जा ना."

"जातो," मी म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो.

"पुढच्या रविवारी मी तुला इथे सोडायला येणार नाही," तो शैलाला म्हणाला. "आणि गाडीही देणार नाही."

"काकांबरोबर बसने येईन."

"रविवारी बस तासाला एक असते."

"मग तासभर उभी राहीन."

"या थंडीत?"

"या थंडीत."

"मूर्ख आहेस."

"असेन. कुलूप बदलणार आहात ना? किल्ल्या किती बनवताय?"

त्याने खिशातून किल्ली काढली, बटण दाबलं. चारही दारांची कुलपं एकदम उघडल्याचा आवाज झाला. त्याने तिच्यासाठी दार उघडलं नाही; तो स्वतःच्या बाजूने आत बसला आणि समोर बघत राहिला. शैलाने क्षणभर गाडीकडे पाहिलं. मग पुढचं दार उघडून ती त्याच्या शेजारी बसली आणि पट्टा लावला.

गाडी लगेच निघाली नाही. काचेतून मला प्रतापचं तोंड हललेलं दिसलं, एकच लहानसा प्रश्न असावा, आणि मग तो तिच्याकडे वळून थांबला. शैला लगेच बोलली नाही. तोही बोलला नाही. मी बसथांब्याकडे चालू लागलो तेव्हा तो अजून वाट बघत होता.